डीएक्स७ आणि जुनो-१०६ आयपॅडला जोडण्याचं काम: नोंदी

५ जून २०२५, सांगली

मामांकडे दोन सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड, आहेत. यामाहा डीएक्स७, १९८३ चं मॉडेल, आणि रोलंड जुनो-१०६, १९८४ चं. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत या दोघांनी कितीतरी जत्रा आणि गणपतीचे कार्यक्रम काढले. २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा दोन्ही पेट्या माळ्यावर होत्या, म्हणून आज शाबूत आहेत. आता मामा घरी आयपॅडवर चाली बसवतात. आयपॅडवरचा ट्रॅक चालू असताना हे दोन्ही सिंथ त्याच्याबरोबर वाजावेत, आणि वाजलेलं सगळं आयपॅडमध्येच रेकॉर्ड व्हावं, एवढी त्यांची इच्छा आहे.

कामाचा क्रम मी ठरवून टाकलाय. वाजवण्याची जोडणी सगळ्यात शेवटी. आधी दोन्ही सिंथच्या मेमरीतले आवाज बाहेर काढून जपून ठेवायचे. डीएक्स७च्या पोटात ३२ आवाज बसतात आणि ते टिकतात आतल्या एका छोट्या लिथियम सेलच्या जिवावर. तो सेल कधी बदललाय हे मामांनाही आठवत नाही. कंपनीचे मूळ आवाज आज कुठेही मिळतील. मामांनी रात्र रात्र बसून बनवलेले आवाज जगात फक्त या एका पेटीत आहेत.

जोडणी होईल याबद्दल मला शंका नाही. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि जुपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका केबलने जोडून दाखवले गेले. त्या वर्षी ठरलेलं मिडी १.०, म्हणजे अशा यंत्रांनी एकमेकांना सूर कळवायची भाषा, आजही तेच आहे. २०२० मध्ये मिडी २.० आलं, पण त्याने जुनं मोडीत काढलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राशी आजचं यंत्र त्याच्याच भाषेत बोलू शकतं, हे कॉम्प्युटरच्या जगात फार दुर्मीळ आहे.

७ जून

वीज. मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय एकही प्लग लावायचा नाही, असं मामांना सांगून ठेवलं होतं.

डीएक्स७वर २२०-२४० व्होल्ट आहे, तो थेट चालेल. जुनोच्या पट्टीवर १०० व्होल्ट आहे, म्हणजे तो जपानच्या बाजारासाठी बनलेला. मामांनी तो मुंबईतल्या एका वादकाकडून घेतला होता आणि सोबतचा ट्रान्सफॉर्मर मधल्या काळात कुठेतरी गेला. बाजारात तयार मिळतात ते बहुतेक ११० व्होल्टचे. १०० च्या यंत्राला ११० दिले तर ते लगेच जळत नाही, पण रेग्युलेटर उगाच तापत राहतात, आणि आपल्याकडे मेन्स २३० वरून २४५ वर गेला की तेही त्याच प्रमाणात वाढतं. मिरजेत वाइंडिंग करणाऱ्याकडून २३० ते १०० चा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. प्रायमरी आणि सेकंडरी वेगळ्या, ऑटो-ट्रान्सफॉर्मर नाही. लोड लावून मोजला तेव्हा १०१ व्होल्ट आले. त्यानंतर जुनो चालू केला. सहाही व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे सूर) बोलतात.

८ जून

केबल. मामांच्या ट्रंकेत पाच पिनांच्या गोल केबलींचं भेंडोळं सापडलं. दिसायला सगळ्या सारख्या. त्यातल्या काही मिडीच्या, काही जुन्या टेपडेकच्या. मिडीला पिन ४ आणि ५ वर सिग्नल आणि २ वर शील्ड लागते. टेपडेकच्या केबलीत ४ आणि ५ जोडलेल्या असतीलच असं नाही. मल्टिमीटर लावून प्रत्येक केबलीच्या चार ते चार, पाच ते पाच आणि दोन ते दोन अशा जोड्या तपासल्या. पास झालेल्यांना पिवळी टेप गुंडाळली.

मामांच्या एका मित्राकडे जुनं रोलंड ड्रम मशीन आहे, तेही यात जोडता येईल का असं त्यांनी विचारलं. त्याच्यावर पाच पिनांचं सॉकेट आहे, पण ते मिडीचं नाही. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ आणि टीआर-८०८ वर राग वाजवले, त्या पिढीची ही यंत्रं. त्यांच्या सॉकेटमधून सूर जात नाहीत, फक्त ताल जातो. एका पिनेवर चालू-बंद आणि दुसरीवर दर मात्रेला २४ ठोके. मिडीच्या घड्याळातही मात्रेला २४ ठोकेच असतात, पण विजेची मांडणी निराळी, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो. ते काम वेगळं आहे, या नोंदींत घेणार नाही.

११ जून

डीएक्स७मधून पहिला डंप, म्हणजे मेमरीतले सगळे आवाज एकदम बाहेर, घ्यायचा होता. मामांच्या एका शिष्याने ऑनलाइन मागवलेली यूएसबी-मिडी केबल घरात होती. एका टोकाला यूएसबी, मध्ये काळी डबी, पुढे दोन गोल प्लग. लॅपटॉपवर मिडी-ऑक्स हे मिडीचे निरोप दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं.

डीएक्स७वर फंक्शनमध्ये ८ नंबरचं बटण. पहिल्यांदा दाबलं की चॅनेल, दुसऱ्यांदा सिस-इन्फो, तिसऱ्यांदा ट्रान्समिट. सिस-इन्फो उपलब्ध केल्याशिवाय ट्रान्समिटपर्यंत जाता येत नाही. येस दाबलं.

३२ आवाजांचा पूर्ण डंप ४,१०४ बाईटचा असायला हवा. सुरुवातीला सहा बाईट, एफ० ४३ ०० ०९ २० ००. मग प्रत्येक आवाजाचे १२८ याप्रमाणे ४,०९६. मग एक चेकसम (डेटा बिघडला का ते बेरजेने पडताळणारा बाईट) आणि शेवटी एफ७. आले ३,९८७. पुन्हा घेतला तर वेगळाच आकडा. यूएसबीचं पोर्ट बदलून पाहिलं, बफर मोठा करून पाहिला. दर वेळी कुठले ना कुठले बाईट गळतात.

फाईल हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाईट आकड्यांत दाखवून, उघडल्यावर प्रकार समजला. प्रत्येक आवाजाच्या १२८ बाईटपैकी शेवटचे दहा म्हणजे त्याचं नाव. सतराव्या आवाजापर्यंत नावं जागच्या जागी दिसतात. अठराव्यात मधले काही बाईट गायब, आणि तिथून पुढचं प्रत्येक नाव तेवढं डावीकडे सरकलेलं. सुरांचा निरोप तीन बाईटचा असतो, त्यात ही केबल बरोबर चालते. सलग चार हजार बाईट आले की तिच्या डबीतल्या चिपची साठवण भरते आणि पुढचं सांडतं. अशा स्वस्त केबलींचं हे दुखणं सर्वत्र सारखं आहे. नुसतं वाजवून पाहणाऱ्याला ते कधी कळतही नाही, आणि म्हणूनच हा अर्धवट डंप फार घातक. फाईल तयार होते, नाव देऊन ठेवली जाते, आणि ती निकामी आहे हे मूळ आवाज पुसले गेल्यावर समजतं.

केबल काढून ठेवली. पुण्याहून चांगला इंटरफेस मागवलाय.

१४ जून

इंटरफेस आला. दोन इन, दोन आउट, आणि क्लास-कम्प्लायंट, म्हणजे लॅपटॉप किंवा आयपॅड कुणालाच वेगळा ड्रायव्हर लागत नाही. उघडून पाहिला. दोन्ही इनवर ऑप्टो-आयसोलेटर आहेत. मिडीत सिग्नल प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो, दोन यंत्रांच्या विजा एकमेकींना भेटत नाहीत. स्वस्त केबलींत कधी कधी हा भागच गाळलेला असतो.

येस दाबलं. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाईटला ३२० मायक्रोसेकंद, म्हणजे सगळं मिळून सव्वा सेकंदाच्या थोडं वर. एवढा वेळ गेला आणि खाली आकडा उमटला: ४,१०४.

आकडा बरोबर आला म्हणून थांबायचं नाही. डेटाच्या ४,०९६ बाईटची आणि चेकसमची बेरीज केली, खालचे सात बिट शून्य आले. मग आणखी एक डंप घेऊन दोन्ही फाईली बाईटला बाईट ताडून पाहिल्या. तंतोतंत सारख्या. हे तिन्ही जुळल्यावरच मी म्हणतो की आवाज बाहेर आले. फाईलची एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक मामांच्या ई-मेलवर.

लॉगमध्ये एफई हा बाईट सतत येत राहतो. तो डीएक्स७चा ॲक्टिव्ह सेन्सिंग, 'मी जोडलेला आहे' एवढंच सांगणारा. मिडी-ऑक्सच्या फिल्टरमध्ये तो झाकला की लॉग वाचता येतो.

१५ जून

आज मामांना शेजारी बसवून फाईल डेक्स्डमध्ये उघडली. डेक्स्ड म्हणजे डीएक्स७ची मोफत सॉफ्टवेअर आवृत्ती. खऱ्या डीएक्स७च्या दोन ओळींच्या पडद्यावर एका वेळी एकच आकडा दिसतो, इथे सहाही ऑपरेटर (आवाज घडवणारे भाग) एकदम समोर येतात.

नावं वाचत गेलो. रोमन अक्षरांत, दहाच्या मर्यादेत कोंबलेली: तुतारी, तुणतुणं, सनई १, सनई ३, लेझीम, घुंगरू, टाळ. सनई २ कुठाय विचारलं तर मामा म्हणाले, "आरं, ती जमलीच नव्हती. काढून टाकली."

टाळाचा आवाज मी बराच वेळ उलगडून पाहिला. एफएम पद्धतीत एक ऑपरेटर दुसऱ्याला हलवतो. दोघांच्या फ्रिक्वेन्सीचं प्रमाण १, २, ३ असं पूर्णांकी असलं की सूर लागतो. ते अपूर्णांकी ठेवलं की सूर विस्कटतो आणि धातू ऐकू येतो. मामांनी एक मॉड्युलेटर, म्हणजे हलवणारा ऑपरेटर, ३.५० च्या जरा पुढे नेऊन ठेवलाय. शिवाय दोन कॅरिअरचं (प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या ऑपरेटरचं) डिट्यून, म्हणजे सुरापासून थोडं सरकवणं, एकाचं अधिक ७ आणि दुसऱ्याचं उणे ७, म्हणजे यंत्र देईल तेवढं टोकाचं. का, असं विचारलं. ते म्हणाले, "टाळाच्या दोन वाट्या कधी एका सुरात असतात का? त्या एकमेकींशी थोडं भांडतात, म्हणून तर आवाज थरथरतो." हे त्यांनी मॅन्युअल नीट न वाचता, नुसत्या कानाने आणि दोन ओळींच्या पडद्यावर शोधून काढलं होतं. असे सगळे आवाज एका सेलवर टांगलेले होते.

प्रत्येक आवाजाबद्दल मामांनी जे सांगितलं ते वहीत उतरवून घेतलं. कुठल्या गाण्याला वापरला, कुठल्या पट्टीत शोभतो, जोरात मारला की काय होतं. फाईलसोबत हेही राहायला हवं.

२१ जून

सेल. डीएक्स७चं बॅटरी चेक २.४ व्होल्ट दाखवत होतं. नवा सेल तीनच्या वर असतो. आवाज सुरक्षित असल्यामुळे आज हात मोकळे होते.

प्लग काढून तासभर तसाच ठेवला, मग वरचं पॅनेल उचललं. जुना सेल बोर्डाला थेट सोल्डर केलेला. गरम सोल्डरिंग आयर्नने नुसता ओढला तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडतो, म्हणून आधी सोल्डर शोषून घेतलं आणि पाय हलके झाल्यावर सेल उचलला. त्या जागी सेलचा होल्डर बसवला. पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्न लागणार नाही, सीआर२०३२ काढायचा आणि नवा सरकवायचा. होल्डरवर आजची तारीख लिहिली.

चालू केल्यावर आवाजांच्या जागी निव्वळ कचरा होता. तसंच होणार होतं. मेमरी प्रोटेक्ट (आवाज चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून असलेलं कुलूप) काढलं, सिस-इन्फो उपलब्ध केलं आणि लॅपटॉपवरून फाईल पाठवली. टाळ, लेझीम, सनई, सगळे आपापल्या नंबरवर. परत डंप घेतला आणि १४ तारखेच्या फाईलशी ताडला. फरक नाही.

२८ जून

जुनो. याची तऱ्हा वेगळी. १२८ पॅच (साठवलेले आवाज) आहेत, पण ते एकदम बाहेर पाठवायची सोय मिडीवर नाही. दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही घेतल्या.

पहिली वाट टेपची. जुनोच्या मागे कॅसेट रेकॉर्डरसाठी सेव्ह आणि लोडची सॉकेटं आहेत. सेव्हमधून निघणारा किर्र आवाज लॅपटॉपवर डब्ल्यूएव्ही फाईल म्हणून रेकॉर्ड केला. एमपी३ करायचं नाही, त्या दाबण्यात डेटा बिघडतो. रेकॉर्डिंग परत जुनोला ऐकवून व्हेरिफाय केलं. लेव्हल जरा वाढवल्यावर पास झालं.

दुसरी वाट मिडीची. मागचा फंक्शन स्विच ३ वर ठेवला की पॅचचं बटण दाबताच त्या पॅचची सगळी माहिती २४ बाईटमध्ये बाहेर येते. म्हणजे एकेक बटण दाबत सगळे पॅच काढायचे. मामा बटणं दाबत गेले, मी लॉग पाहत गेलो. कंटाळवाणं काम, पण प्रत्येक पॅच सुटा मिळतो.

याच स्विचवर जुनोची खरी मजा आहे. कुठलाही स्लायडर हलवला की निरोप निघतो. फिल्टरचा स्लायडर सरकवला तेव्हा पडद्यावर उमटलं: एफ० ४१ ३२ ०१ ०५ ४ए एफ७. ४१ म्हणजे रोलंड, ३२ म्हणजे स्लायडर हलला, ०१ म्हणजे दुसरं चॅनेल (मोजणी शून्यापासून), ०५ म्हणजे फिल्टरची फ्रिक्वेन्सी, ४ए ही तिची जागा. हाच निरोप बाहेरून पाठवला की जुनोचा फिल्टर हलतो. कंट्रोल चेंज हे मिडीचे नेहमीचे निरोप पाठवून तो हलत नाही. त्यामुळे आयपॅडवर फेडर (पडद्यावरचा स्लायडर) बनवायचा तो सिस-एक्स, म्हणजे एफ० ते एफ७ मधले असे निरोप, पाठवू शकणाऱ्या ॲपमध्येच.

५ जुलै

आता वाजवण्याची जोडणी. आयपॅडला एकच यूएसबी-सी पोर्ट, म्हणून स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब घेतला. हबवर मिडी इंटरफेस आणि चार इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस. डीएक्स७चा आउटपुट मोनो, जुनोचा स्टिरिओ, कारण त्याचा कोरस दोन्ही बाजूंना पसरतो. एकूण तीन इनपुट भरले. दोन सिंथ दोन वेगळ्या मिडी आउटवर, थ्रूमधून (आलेला निरोप पुढच्या यंत्राला देणाऱ्या सॉकेटमधून) साखळी केली नाही. डीएक्स७ पाठवताना कायम पहिल्याच चॅनेलवर पाठवतो, म्हणून त्याला पहिलं आणि जुनोला दुसरं.

सगळं लागलं आणि स्पीकरमधून घुरघुर सुरू. ५० हर्ट्झचा हम, आणि त्यावर एक बारीक शिट्टी. आयपॅडच्या पडद्यावर बोट फिरवलं की शिट्टी बदलते. ती सुरांच्या मिडी केबलीतून येत नाही: इनमध्ये ऑप्टो आहे, आणि शील्ड फक्त पाठवणाऱ्या टोकाला अर्थ केलेली असते. खात्रीसाठी दोन्ही मिडी केबली उपटल्या, घुरघुर तशीच. डीएक्स७ची ऑडिओ केबल उपटली, बंद. म्हणजे सिंथचं अर्थिंग, ऑडिओ केबल, इंटरफेस, यूएसबी, हबचा अडॅप्टर असं कडं तयार झालं होतं.

उपाय केला तो ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्सचा, म्हणजे ऑडिओ केबलीच्या मध्ये बसणाऱ्या डबीचा. डीएक्स७ची ऑडिओ केबल त्यातून नेली, ग्राउंड लिफ्ट केलं, म्हणजे ऑडिओ केबलीतला अर्थचा जोड तोडला, आवाज स्वच्छ. स्टेजवर यासाठी सिंथच्या प्लगची तिसरी पिन मोडायची सर्रास सवय आहे. मामांच्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावरही तशी मोडलेली पिन सापडली. तो बोर्ड आजच टाकून दिला. चाळीस वर्षांच्या पॉवर सप्लायला अर्थिंग नसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, त्याबाबत माझ्याकडे तडजोड नाही.

६ जुलै

आषाढी एकादशी. संध्याकाळी घरी भजन होतं. वायरिंगला हात लावला नाही, पण डीएक्स७ सुरू होता आणि मामांनी त्याच्यावर टाळ वाजवले. समोर खरे टाळही होते. दोन्ही एकत्र ऐकले तेव्हा तो अधिक-उणे सातचा हिशेब कानाला पटला.

१२ जुलै

वेळ आणि जोर.

वेळ: तीन बाईटचा एक सूर जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. दहा बोटांचा कॉर्ड पाठवला तर शेवटचा सूर पहिल्याच्या नऊ-दहा मिलिसेकंद मागे. त्यात फेडरचे सात-सात बाईटचे सिस-एक्स घुसले तर सूर आणखी अडकतात. म्हणून ॲपमध्ये फेडरचे निरोप विरळ केले, आणि ट्रॅकमध्ये घट्ट तालाचे सूर कॉर्डच्या आधी जातील असे ठेवले. ऑडिओचा बफर १२८ सॅम्पल. परत येणारा आवाज साधारण अकरा मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढा रेकॉर्डिंग ट्रॅक मागे ओढायचा हे ॲपमध्ये नोंदवून ठेवलं.

जोर: पहिल्या डीएक्स७ची पट्टी कितीही आपटली तरी व्हेलॉसिटी, म्हणजे मिडीतला जोराचा आकडा, कमालीच्या १२७ पर्यंत पोचत नाही. मामांचे सगळे आवाज त्या पट्टीवर, त्या मर्यादेत बसवलेले. आयपॅडवरून १२७ गेलं की टाळ कर्कश होतो, कारण इतका जोर या आवाजाने कधी पाहिलेलाच नाही. आयपॅडकडून डीएक्स७कडे जाताना व्हेलॉसिटी १०० वर कापली. उलट दिशेला, म्हणजे डीएक्स७ची पट्टी वापरून आयपॅडमधला पियानो वाजवताना, ती वर ताणली. जुनोला जोर कळतच नाही, तिथे काही करायचं नाही.

डीएक्स७च्या फंक्शनच्या यादीत लोकल ऑफ, म्हणजे पट्टी आतल्या आवाजापासून तोडायची सोय, नाही. त्यामुळे त्याची पट्टी दाबली की तो स्वतः वाजतो, आणि ॲपने तोच सूर परत पाठवला की दुसऱ्यांदा वाजतो. सोळा व्हॉइस आठच उरल्यासारखे होतात आणि आवाज नाकात येतो. ॲपमध्ये पहिल्या चॅनेलचा परतीचा रस्ता बंद केला.

मामांनी दुपारभर एक अभंग बसवला. जुनोचे स्ट्रिंग, डीएक्स७चे टाळ आणि तुणतुणं, तबला आयपॅडमधला. मध्येच म्हणाले, सनई २ पुन्हा करून बघतो.

१९ जुलै

राहिलेली कामं. जुनोचा मेमरीचा सेल बदलायचा आहे, डीएक्स७सारखाच होल्डर लावून. टेपची फाईल आणि सुटे पॅच दोन्ही तयार आहेत. डीएक्स७चं आउटपुट सॉकेट सैल आहे, केबल हलली की खरखर येते, नवं आणलंय. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर 'फक्त जुनो, १०० व्होल्ट' असं रंगवून घ्यायचं.

सनई २ तयार झाली, ती रिकाम्या नंबरवर ठेवली. मेमरी प्रोटेक्ट परत लावलं. नवा डंप घेतला: ४,१०४ बाईट, चेकसम बरोबर, फाईलच्या नावात आजची तारीख.